इच्छा, फल आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

मंडळी, आज गणितावर लिहितो आहे. गणित म्हटले की आमच्या नातेवाईकांपैकी निम्मे काढता पाय घेतात हे मला ठाऊक आहे. पण या लेखात बेरीज, वजाबाकी आणि नातीगोती यांच्यापलीकडे काही नाही. तेव्हा थोडे थांबा.

विषय अकरावीचा आहे. अकरावी विज्ञानाच्या गणितात 'सेट्स अँड रिलेशन्स' आणि त्याला लागूनच 'फंक्शन्स' असे दोन पाठ येतात. आमच्या मानवतच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलांनी नववीला 'संच' मराठीतून शिकलेले असतात. अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हातात येते आणि या पाठांपाशी पुष्कळ जण अडखळतात. पाठ काही फार अवघड नाहीत. पण मुलांची एक समजूत होऊन बसते, की ही साहेबाची विद्या आहे, आपल्या भाषेत हा विचार कधी नव्हताच, आणि म्हणून आपल्याला तो झेपायचा नाही. एकदा ही समजूत बसली की पोरगं पाठांतराला लागतं आणि गणित तिथेच संपतं. ही समजूत खरी नाही. ती का खरी नाही, हे आज सांगायचे आहे.

आधी नाती बघू.

रिलेशन म्हणजे संबंध. दोन गोष्टींची जोडी लावायची आणि त्या जोडीबद्दल एक विधान करायचे. ते काही जोड्यांना लागू पडते, काहींना पडत नाही. ज्या जोड्यांना लागू पडते त्या सगळ्या एका यादीत लिहून काढल्या की ती यादी म्हणजेच तो संबंध. जोडीत क्रम महत्त्वाचा. 'राम हा लवाचा बाप' हे खरे, उलटे केले की खोटे. 'लव हा कुशाचा भाऊ' हे मात्र उलटे केले तरी खरेच राहते. 'थोरला' हा संबंध आणखी वेगळा. राम भरताहून थोरला, भरत लक्ष्मणाहून थोरला, तर राम लक्ष्मणाहून थोरला हे वेगळे सांगावे लागत नाही. पुस्तकात या गुणांना मोठमोठी इंग्रजी नावे आहेत, पण गुण हेच.

आता त्याच घरात दोन प्रश्न विचारू. रामाला विचारले, तुझी जन्मदाती कोण? उत्तर एकच, कौसल्या. दशरथाला विचारले, तुझा मुलगा कोण? तर उत्तरे चार. 'जन्मदाती' या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर आहे, आणि ते एकच आहे. 'मुलगा' या प्रश्नाला कोणाकडे चार उत्तरे, कोणाकडे एकही नाही. दोन्ही संबंधच, पण पहिल्या जातीच्या संबंधाला गणितात फंक्शन म्हणतात. मराठीत फल किंवा फलन. विचारलेल्या प्रत्येकाला उत्तर असले पाहिजे आणि ते एकच असले पाहिजे, या दोन अटी पाळल्या की झाले फल.

इथे मुले हमखास एक शंका काढतात. लक्ष्मण आणि शत्रुघ्न दोघांचे उत्तर सुमित्राच, मग ते कसे चालते? चालते. दोघांचे एक उत्तर येऊ शकते, एकाची दोन येऊ शकत नाहीत. फक्त एक अडचण होते. कोणी नुसते 'सुमित्रा' हे उत्तर सांगितले, तर ते लक्ष्मणाचे की शत्रुघ्नाचे हे उलट दिशेने ओळखता येत नाही. आपल्याकडे काका, मामा, आतोबा आणि मावशीचे यजमान ही चार वेगळी माणसे. इंग्रजीत चौघेही 'अंकल'. मराठीतून इंग्रजीत जाताना प्रत्येकाला एकच शब्द मिळतो, म्हणून ते फल आहे. पण 'अंकल' वरून मागे मराठीत यायचे म्हटले की वाट बंद. आमची परदेशातली नातवंडे सगळ्यांनाच अंकल म्हणतात तेव्हा नेमके हेच झालेले असते!

संबंधांचे तर्कशास्त्र गणिताच्या चिन्हांत मांडण्याचे पहिले मोठे काम 1860 च्या सुमारास ऑगस्टस डी मॉर्गन यांनी केले. हे इंग्रज गणितज्ञ, पण त्यांचा जन्म 1806 साली आपल्या मदुराईत झाला होता. दोन संबंध एकापुढे एक जोडले की तिसरा कसा तयार होतो, याचा त्यांनी विचार केला. आईचा भाऊ तो मामा, बापाची बहीण ती आत्या. आपल्या भाषेत अशा जोडून केलेल्या संबंधांना स्वतंत्र नावे आहेत आणि चार वर्षांचे पोर ती बरोबर वापरते.

आता घरातून बाजारात येऊ. मानवतची कापसाची बाजारपेठ जुनी आणि नावाजलेली. कोणी म्हणेल की कापसाचे वजन सांगा, पैसे किती ते मी सांगतो, हे झाले फल. पण थांबा. दोन शेतकऱ्यांच्या गाड्यांत सारखाच दहा क्विंटल कापूस आहे. एकाचा पांढराशुभ्र आणि कोरडा, दुसऱ्याचा कवडी मिसळलेला आणि ओलसर. दोघांना सारखा भाव मिळेल का? नाही. म्हणजे दहा क्विंटल या एकाच वजनाला दोन रकमा आल्या. नुसते वजन आणि रक्कम यांत संबंध आहे, पण फल नाही. वजन आणि त्या गाडीला बोली होऊन ठरलेला भाव, असे दोन्ही मिळून विचारले तर मात्र उत्तर एकच येते आणि फल होते. उत्तर एकच यायला काय काय माहीत असावे लागते, हे ओळखणे ही या पाठातली खरी शहाणपणाची गोष्ट आहे. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ती पाठ न वाचता कळते.

आता 'फल' या शब्दाकडे वळतो. हा शब्द इंग्रजीच्या भाषांतरासाठी नव्याने पाडलेला नाही, गणितात तो फार जुना आहे. शाळेत आपण त्रैराशिक शिकलो. पाच वह्यांना शंभर रुपये, तर आठ वह्यांना किती? आर्यभटाने इ.स. 499 मध्ये त्रैराशिक सांगितले तेव्हा त्यातल्या राशींची नावे होती प्रमाण, फल, इच्छा आणि इच्छाफल. पाच वह्या हे प्रमाण, शंभर रुपये हे फल, आठ वह्या ही इच्छा आणि एकशे साठ रुपये हे इच्छाफल. फलाला इच्छेने गुणायचे आणि प्रमाणाने भागायचे. इच्छा काहीही धरा, कृती तीच, आणि प्रत्येक इच्छेला फल एकच. इंग्रजी पुस्तकात 'एक्स' घालून 'एफ ऑफ एक्स' काढतात, ते आणि हे वेगळे नाही. इच्छा बदलली की फल बदलते, नियम बदलत नाही. अर्थात आर्यभटाला आजची फंक्शनची संपूर्ण व्याख्या माहीत होती असे मी म्हणत नाही. तसला अभिमान खोटा. त्रैराशिक हे फलाचे एक साधे उदाहरण आहे, सगळी कल्पना नव्हे. पण अडखळणाऱ्या मुलाला उभे राहायला एवढी जागा पुरते.

त्रैराशिकाचा सगळ्यात गोड विस्तार भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा आणि लीलावतीचा काळ 1150. चाळीसगावजवळ पाटण येथे 1207 सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी मठ स्थापन केला, त्याला दिलेल्या दानाची नोंद या लेखात आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी 1865 मध्ये तो विद्वानांपुढे आणला. लेखात संस्कृतच्या जोडीला त्या काळची मराठीही आहे. म्हणजे आपल्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवण्यासाठी दान दिले जात होते आणि त्या दानाचा कागद, म्हणजे दगड, आपल्या बोलीत लिहिला जात होता.

युरोपात काय चालले होते तेही बघू, कारण आजची व्याख्या तिकडूनच आली. 'फंक्शन' हा शब्द गणितात लायब्निझने 1673 च्या सुमारास वापरला, पण वक्ररेषांच्या संदर्भात. 1718 मध्ये योहान बर्नुलीने त्याला चल राशीपासून बनलेली राशी असा अर्थ दिला. 'एफ' आणि कंस ही खूण ऑयलरने 1734 च्या सुमारास वापरली. त्याच ऑयलरने 1748 च्या ग्रंथात फंक्शन म्हणजे सूत्र असे धरले. सूत्र लिहिता आले तर फंक्शन, असा तो विचार. पुढे उष्णता आणि तारेची कंपने यांच्या अभ्यासात अशी उदाहरणे येऊ लागली की एका सूत्रात ती बसेनात. तेव्हा 1837 मध्ये डिरिक्ले यांनी सांगितले, की सूत्र असायलाच हवे असे नाही, प्रत्येक 'एक्स'ला एक निश्चित 'वाय' मिळाला की पुरे. 1914 मध्ये हाउसडॉर्फ यांनी त्याच्याही पुढे जाऊन फंक्शन म्हणजे क्रमित जोड्यांचा संच अशी मांडणी केली. अकरावीच्या पुस्तकात आधी संच, मग जोड्या, मग संबंध आणि मग फंक्शन असा जो क्रम आहे तो या शेवटच्या मांडणीचा. जी कल्पना पक्की व्हायला थोरामोठ्यांना जवळजवळ अडीचशे वर्षे लागली, ती मुलांना आठवडाभरात एका व्याख्येत मिळते. मग ती अडखळली तर नवल काय?

सांगायचा मुद्दा असा, की व्याख्येच्या आधी मुलांच्या हातात खेळायला काही तरी हवे. आणि तसे खेळणे आपल्याच एका शाळामास्तराने करून ठेवले आहे.

मानवत रोडला गाडीत बसले की सेलू, परतूर, जालना करत मनमाड येते. तिथून मुंबईच्या दिशेने नाशिकरोड, आणि पुढचेच स्टेशन देवळाली. या देवळालीला 1930 ते 1962 दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळेत शिकवत होते. जन्म डहाणूचा, 17 जानेवारी 1905. शालेय शिक्षण ठाण्याला, मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. 1927 मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि 1929 मध्ये ते बी.एस्सी. झाले. त्यापुढे पदवी नाही, संशोधन संस्था नाही. शाळा सांभाळून उरलेल्या वेळात ते आकड्यांशी खेळत.

त्यांचा एक खेळ असा. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. 23 घेतली तर 2 आणि 3 मिळून 5, म्हणून 28. अठ्ठावीसमध्ये 10 मिळवा, 38. पुढे 49, मग 62, 70, 77, 91, 101. प्रत्येक संख्येला पुढची संख्या मिळतेच, आणि एकच मिळते. झाले की फल! सूत्राच्या आधी अर्थ कळला.

आता उलट दिशेने विचारा. 28 चा जनक कोण? 23. 101 चा जनक कोण? इथे गंमत आहे. 91 मध्ये 10 मिळवले की 101, आणि 100 मध्ये 1 मिळवला तरी 101. म्हणजे 101 ला दोन जनक! सुमित्रेचीच गोष्ट पुन्हा आली. दोघांचे उत्तर एक, म्हणून मागे फिरता येत नाही. पुस्तकात 'वन-वन' आणि 'मेनी-वन' असे शब्द आहेत, त्यांचा अर्थ एवढाच.

आणि 20 चा जनक कोण? शोधून बघा. 1 ते 9 घेतले तर उत्तर दुप्पट येते, फार तर 18. 10 ते 19 घेतले तर उत्तरे 11, 13, 15 अशी 29 पर्यंत सगळी विषमच येतात. 20 किंवा त्याहून मोठी संख्या घेतली तर उत्तर 20 च्या पुढे जाते. म्हणजे 20 ला जनकच नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. शंभराच्या आत त्या तेराच आहेत: 1, 3, 5, 7, 9, 20, 31, 42, 53, 64, 75, 86 आणि 97. 'ऑन्टू' म्हणजे काय हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. ज्याच्यात एकही स्वयंभू उरत नाही ते फल 'ऑन्टू', आणि ज्याच्यात उरतात ते नव्हे. आपल्याकडे ज्या देवाची मूर्ती कोणी घडवली नाही त्याला स्वयंभू म्हणतात. मास्तरांनी शब्द देवळातून उचलला आणि गणितात नेमका बसवला. 1963 मध्ये त्यांनी या संख्यांवर देवळालीहून इंग्रजीत पुस्तिका काढली. पुढे कोलंबियाचे बर्नार्डो रेकामान यांनी स्वतंत्रपणे हाच प्रश्न मांडला, म्हणून या संख्यांना कोलंबियन असेही नाव आहे. पण आपण स्वयंभूच म्हणू.

दुसरा खेळ जास्त प्रसिद्ध आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. आपल्या मराठवाड्याला जवळचे साल घेऊ, 1948, निजामाच्या राजवटीतून आपण सुटलो ते. 9841 वजा 1489 बरोबर 8352. आता 8532 वजा 2358 बरोबर 6174. आणखी एकदा केले तर 7641 वजा 1467, पुन्हा 6174. इथून हलायचे नाव नाही.

पुढचे साल घ्या, 1949. याच साली मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. 1949 वरून 8442, मग 5994, 5355, 1998, 8082, 8532 आणि शेवटी 6174. 1948 ला दोन पायऱ्या लागल्या, 1949 ला सात. सातपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. मधे उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लिहून चार अंक पुरे करायचे, एवढेच पथ्य. चार अंकी संख्या 9000. त्यांतल्या 1111, 2222 अशा नऊ सोडल्या तर उरलेल्या 8991 संख्या शेवटी 6174 च्याच दाराशी येतात.

त्या नऊ का सोडायच्या? 1111 वजा 1111 बरोबर शून्य, आणि खेळ तिथेच संपतो. म्हणजे नियम सांगताना तो कोणत्या संख्यांसाठी आहे हे आधी सांगावे लागते. इंग्रजीत त्याला डोमेन म्हणतात. मुलांना हा शब्द नुसता रटाळ वाटतो, 'डोमेन लिहिले नाही, एक मार्क गेला' एवढाच त्याचा अर्थ. 1111 स्वतः करून बघितले की तो का लिहायचा हे कळते.

कापरेकरांच्या कामाकडे आपल्याकडच्या विद्यापीठीय मंडळींनी बराच काळ करमणूक म्हणूनच पाहिले. अंकांची उलटापालट, यात कसले गणित, असे म्हणणारे पुष्कळ होते. 1955 मध्ये 6174 वरचा त्यांचा लेख 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकन नियतकालिकात आला, आणि मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले. त्यानंतर जगभर नाव झाले. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. 1986 मध्ये ते गेले. आज 6174 ला सगळे जग कापरेकर स्थिरांक म्हणते. मराठी शाळेत मात्र पुष्कळ मुलांना हे नाव ऐकूनही माहीत नसते.

कापरेकरांचे गणित म्हणजे सगळे गणित नव्हे, हेही मान्य करायला हवे. दहाच्या ऐवजी दुसऱ्या पायावर संख्या लिहिल्या तर 6174 ची जादू राहत नाही, तिथले चित्र वेगळे असते. टीकाकारांच्या म्हणण्यात तेवढे तथ्य आहे. पण शिकवणाऱ्याच्या नजरेने बघा. नियम, प्रत्येकाला एकच उत्तर, दोन जनक, स्वयंभू, कोणाला वगळायचे, आणि नियम लावूनही जागचे न हलणारे 6174. फंक्शनच्या पाठातल्या जवळजवळ सगळ्या कल्पना चौथीच्या वजाबाकीत आल्या. यासाठी इंग्रजी लागत नाही, शिकवणी लागत नाही. पाटी असली तरी पुरे.

इंग्रजी शिकायला माझा विरोध नाही, ती शिकलीच पाहिजे. पण आधी 'जनक' आणि 'स्वयंभू' कळले की 'वन-वन' आणि 'ऑन्टू' हे नुसते पाठ करायचे शब्द राहत नाहीत. ज्यांच्या घरात यंदा अकरावीचे मूल आहे त्यांनी त्याला पुस्तक उघडायच्या आधी एक संध्याकाळ हे दोन खेळ खेळू द्यावेत. आपणही बसावे. स्वतःच्या जन्मसालाला 6174 पर्यंत जायला किती पायऱ्या लागतात ते काढावे. घरातल्या ज्या दोघांच्या पायऱ्या सारख्या येतील त्यांनी आणखी एक गोष्ट शोधावी, की वाटेत त्यांची गाठ नेमकी कोणत्या संख्येवर पडली. कोणाची आधीच पडली असेल, तर कोणाची थेट 6174 वर. कळवा मला, वाट बघतो.